बेस गिटारच्या तारा: बदलायच्या कधी, घ्यायच्या कोणत्या?

तंबोऱ्याची तार बदलली तर मराठी घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. खर्जाची तार काळवंडली, आवाज बसला, की नवी तार चढवायची आणि जवारी एकदा दाखवून घ्यायची, हे गाणं असलेल्या घरात पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतं. पण त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी बेस गिटार घेऊन येते आणि सहा महिन्यांनी म्हणते, ‘तारा बदलायच्या आहेत, दोन-अडीच हजार रुपये लागतील’. लगेच आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. ‘तुटली कुठं आहे तार?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘आत्ताच तर एवढी महागाची गिटार घेतली!’ हा दुसरा.

बंगळुरूतल्या मराठी घरांत हा संवाद घडण्याची शक्यता जरा जास्तच. हे शहर कर्नाटक संगीताचं, वीणेचं आणि रामनवमीच्या मंडपातल्या मैफलींचं खरंच. पण रॉक संगीताचंही आहे. इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर २००२ मध्ये रॉजर वॉटर्स, २००५ मध्ये स्टिंग आणि मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड येऊन गेला. आयर्न मेडनचा तो भारतातला पहिलाच कार्यक्रम. गंमत अशी, की वॉटर्स आणि स्टिंग दोघेही बेसवादक आणि आयर्न मेडनचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस हाही बेसवादकच. याच शहरात १९९६ मध्ये ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड उभा राहिला आणि पुढे ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’नं कन्नड लोकसंगीताला गौरव वाझच्या बेसची जोड देऊन ते देशोदेशी नेलं. हे सगळं पाहत मोठी झालेली मुलं बेस शिकायची म्हणाली तर नवल नाही.

मग तारांचं काय करायचं? दर महिन्याला बदलायच्या, की तुटेपर्यंत वापरायच्या? दुकानदार सांगेल ती घ्यायची, की मित्र सांगेल ती? चुकीच्या उत्तरामुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. एक पैशाचं. दुसरं त्याहून मोठं, म्हणजे तारेचा दोष शिकणाऱ्याच्या हातावर जातो. मुलगा रोज तास-दोन तास बसतो, तरी सूर लागत नाही, आवाज थबथबीत येतो. ‘माझ्या हातातच नाही’ असं समजून तो वाद्य कोपऱ्यात ठेवतो. प्रत्यक्षात हात बरा असतो, मेलेली असते ती तार.

चार तारांचं काम काय?

बेस गिटार हे नेहमीच्या गिटारचं थोरलं, घोगऱ्या आवाजाचं भावंड. तार चारच, पण जाड आणि लांब. गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर इथे एक सप्तक खाली लागतात. सर्वात जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे कानाला ऐकू येण्यापेक्षा छातीला जाणवणारा. तबल्यात डग्गा जे करतो त्यातलं पुष्कळसं काम बँडमध्ये बेस करतो. ठेक्याला वजन देतो आणि गाण्याच्या सुरांना खालून आधार देतो. आर. डी. बर्मन यांच्या वादकसंचात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळातलं एखादं वेगवान गाणं लावा आणि फक्त सर्वात खालचा आवाज ऐका, म्हणजे हे वाद्य किती मोठा भार उचलतं ते कळेल.

विजेवर चालणारी आजची बेस गिटार रुजवली अमेरिकेच्या लिओ फेंडरनं, १९५१ मध्ये. त्याआधी हे काम पुरुषभर उंचीच्या, उभ्यानं वाजवायच्या डबल बेसचं होतं. फेंडरनं तो भार खांद्यावर अडकवता येईल इतका लहान केला. वाद्य लहान झालं, पण खर्ज तोच हवा होता. त्याची जबाबदारी आली तारेवर.

तार दिसते एक, असते दोन

बेसची तार म्हणजे नुसती जाड पोलादी तार नव्हे. तेवढ्या जाडीची एकसंध तार लावली तर ती सळईसारखी ताठ होईल आणि सुरात वाजणारच नाही. म्हणून मधे बारीक, मजबूत पोलादी गाभा असतो आणि त्याच्याभोवती दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. गाभा ताण सोसतो, वेटोळं वजन वाढवतं. वजन वाढलं की सूर खाली उतरतो आणि तार तरी लवचीक राहते. नेहमीच्या संचातली सर्वात जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, सर्वात बारीक सव्वा मिलिमीटरहून थोडी कमी.

या वेटोळ्यातच तारेचं मोठेपण आहे आणि मरणही. दोन वेढ्यांच्या मधल्या बारीक खाचांत बोटांचा घाम, कातडीचा मळ आणि धूळ साचत जाते. नवी तार छेडली की खर्जाबरोबर तिच्यातून घंटेसारखे वरचे सूरही झळकतात. मळ बसला की आधी हे वरचे सूर दबतात. उरतो तो नुसता ‘धप्प’ आवाज.

दुसरं कारण गंज. घामात मीठ असतं आणि मीठ धातूला खातं. तिसरं कारण झीज. बोटानं तार दाबली की ती खालच्या धातूच्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, आपटते. रोज त्याच जागी आपटून वेटोळं तिथं चपटं होतं. आता तार सर्व ठिकाणी सारख्या वजनाची राहत नाही. अशी तार मोकळी छेडली तर सुरात लागते आणि वर दाबली की बेसूर होते. तिला कितीही पिळा, ती सुरात येत नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच, की या तिन्ही कारणांत ‘तार तुटणं’ कुठंच नाही. बेसची तार तशी क्वचितच तुटते. ती न तुटताच मरते.

तार मेली हे ओळखायचं कसं?

यासाठी उस्ताद असावं लागत नाही. घरच्या घरी पाच गोष्टी पाहता येतात.

पहिली, कानाची. नवा संच चढवला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारही तारा एकेक करून छेडा आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच पद्धतीनं पुन्हा मुद्रित करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. रोज ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, कारण तो हळूहळू पडतो. असं शेजारी ठेवून ऐकलं की घरातल्या आजीलाही कळेल.

दुसरी, बाराव्या पडद्याची. तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्याच्या वर बोट नुसतं टेकवून छेडलं की एक स्वच्छ, उंच सूर येतो. मग तीच तार तिथं दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. नवी तार असताना जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर दोष बहुधा तारेचा.

तिसरी, बोटाची. तारेच्या खालच्या बाजूनं नख हलकेच फिरवा. पडद्यांच्या वर खळगे लागले, तर तिचे दिवस भरत आले.

चौथी, डोळ्याची. काळे डाग, तपकिरी ठिपके, वाजवल्यावर काळी पडणारी बोटं ही मळाची आणि गंजाची खूण.

पाचवी, सुरात लावण्याची. ट्यूनरचा काटा एका जागी ठरत नाही, सारखा डोलतो, आणि तार नवी असताना असं होत नव्हतं, तर तार सारखी राहिलेली नाही.

यातली एखादीच खूण दिसली तर घाई नको. दोन-तीन एकत्र दिसल्या की मात्र नवा संच आणावा. आणि एक सावधगिरी. तार पडद्यावर खरखरते, एवढ्यानंच ती वाईट ठरत नाही. हवेतला ओलावा बदलला की लाकडी दांडी किंचित वाकते आणि खरखर सुरू होते. तो दोष दांडी नीट करून जातो, तारेवर पैसे घालून नव्हे.

बंगळुरूची हवा आणि वाजवणाऱ्याचा घाम

‘किती दिवसांनी?’ याला एकच आकडा नाही, तरी अंदाजासाठी काही ठोकताळे सांगता येतात. रोज तासभर सराव करणाऱ्या शिकाऊ वादकाला साध्या, खरबरीत वेटोळ्याचा संच तीन ते सहा महिने चांगला साथ देतो. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम करणारा वादक महिन्या-दीड महिन्यात बदलतो. ध्वनिमुद्रण असेल तर बरेच जण एक-दोन दिवस आधी नवा संच चढवतात, म्हणजे तार ताणून स्थिरही होते आणि चमकही राहते. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी हौस म्हणून वाजवणाऱ्याला वर्षभरही चालावं.

हे आकडे दोन गोष्टींवर हलतात. एक हवा. बंगळुरू समुद्रापासून दूर आणि सुमारे ९०० मीटर उंचीवर. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादावर जितक्या लवकर गंज चढतो तितका इथे चढत नाही. त्यामुळे मुंबईच्या मावसभावानं सांगितलेला हिशेब जयनगर-मल्लेश्वरमच्या घरात जसाच्या तसा लावायचं कारण नाही. मात्र बंगळुरूत पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडतो आणि ऑक्टोबरमध्येही त्याचा जोर असतो. त्या महिन्यांत गिटार भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा पिशवीत ठेवावी.

दुसरी गोष्ट घाम. हा ज्याचा त्याचा वेगळा. एकाच बँडमधल्या दोघांनी एकाच दिवशी एकाच कंपनीचा संच चढवला, तर एकाचा महिन्यात काळा पडतो आणि दुसऱ्याचा चार महिने लखलखतो. त्यात कुणाचा दोष नाही. ज्याच्या हाताला घाम फार, त्यानं लेप दिलेल्या तारांचा विचार करावा. त्यांच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

एक कधीच बदलत नसे, दुसऱ्याला ताज्याच हव्यात

कॅलेंडर बघून तार बदलू नये, याचा सर्वात बोलका पुरावा दोन थोर वादकांच्या सवयींत मिळतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन नावाच्या कंपनीनं एकामागून एक लोकप्रिय गाणी काढली. त्यांतल्या कितीतरी गाण्यांचा बेस जेम्स जेमरसन या वादकाचा. त्याच्या फेंडर गिटारवर ला बेला कंपनीच्या जाड, चपट्या वेटोळ्याच्या तारा होत्या आणि त्या तो बदलत नसे. तुटली तरच नवी. जुन्या तारेतला मळच आपल्या आवाजाची गोडी आहे, अशी त्याची धारणा असल्याचं सांगतात. त्याला झळाळी नको होती. त्याला हवा होता गोल, मऊ, डबल बेससारखा ठोका, आणि तो जुन्या तारेतच मिळायचा. जेमरसन १९८३ मध्ये वारला, पण आजही बेस शिकणारे त्याच्याच चाली गिरवतात.

दुसऱ्या टोकाला स्टीव्ह हॅरिस. पॅलेस ग्राउंड्सवर ज्यांनी आयर्न मेडन ऐकलं त्यांना त्याच्या बोटांची घोड्याच्या टापांसारखी दौड आठवत असेल. वर्षानुवर्षं तोही चपट्या वेटोळ्याच्याच तारा वापरतो. रोटोसाउंड कंपनी त्याच्या नावानं असा संच विकते. पण त्याला त्या ताज्या लागतात. तीन-तीन गिटारी, एक गायक आणि ढोल यांच्या गदारोळातून बेस उठून दिसायचा तर तारेत टणत्कार हवा, आणि चपट्या तारेत तो पहिल्या काही दिवसांपुरताच असतो. दौऱ्यावर तारा जुन्या होऊ द्यायच्या नाहीत, ही त्याची रीत.

तारेची जात एकच, तरी दोघांचे नियम उलटे आणि दोघंही बरोबर. म्हणून ‘किती दिवसांनी बदलू?’ या प्रश्नाच्या आधी ‘मला आवाज कसा हवा?’ हा प्रश्न येतो.

निवड: आधी वेटोळं पाहा

सुरुवातीच्या काळात बेसवर चपट्या वेटोळ्याच्या तारांचंच राज्य होतं. खणखणीत आवाज हवा असेल त्याचे हाल होत. इंग्लंडच्या ‘द हू’ बँडचा जॉन एंटविसल १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’ हे गाणं ध्वनिमुद्रित करत होता. त्यात बेसचा स्वतंत्र तुकडा होता. त्यासाठी त्यानं डॅनइलेक्ट्रो नावाची गिटार घेतली, कारण तिच्या बारीक तारांचा आवाज झकास होता. पण त्या तारा तुटत आणि सुट्या मिळतच नसत. तार तुटली की नवी गिटार विकत आणायची! असं एकाहून अधिक वेळा झाल्यावर त्यानं नाद सोडला आणि तो तुकडा फेंडर गिटारवर, साध्या तारांवरच वाजवला. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, तो रोटोसाउंडच्या जेम्स हाऊ यांच्याकडे गेला आणि त्याच्या पसंतीला उतरेल असा, गोल तारेच्या वेटोळ्याचा संच तयार झाला. आज जगभर बहुतेक बेस गिटारींवर दिसतो तो याच जातीचा.

आज दुकानात प्रामुख्यानं चार प्रकार दिसतात.

राउंडवाउंड: गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली. हाताला खरबरीत, आवाज लख्ख आणि खणखणीत. रॉक, फंक, अंगठ्यानं ठोकून वाजवायची स्लॅपची पद्धत, आजचं सिनेसंगीत, सगळ्यांना चालते. मळ लवकर धरते, म्हणून लवकर बदलावी लागते.

फ्लॅटवाउंड: गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली. स्पर्श काचेसारखा गुळगुळीत, बोट सरकताना ‘चीं’ असा आवाज नाही. नाद उबदार आणि गोल. जॅझ, जुनी गाणी, चर्चमधली गीतं यांना शोभते. खाचा उघड्या नसल्यानं मळ कमी बसतो आणि मऊ आवाज आवडत असेल तर वर्षानुवर्षं चालते. किंमत जास्त, पण वर्षांनी भागली तर हीच स्वस्त पडते.

हाफवाउंड: गोल तार गुंडाळून वरून घासून अर्धी सपाट केलेली. दोन्हींच्या मधली. निर्णय होत नसेल त्यानं एकदा वापरून पाहावी.

टेपवाउंड: वरून नायलॉनची पट्टी असलेली, बहुधा काळी. सर्वात मऊ, डबल बेसच्या जवळची.

पडदे नसलेली, म्हणजे फ्रेटलेस बेस असेल, तर फ्लॅटवाउंड किंवा टेपवाउंड बरी. खरबरीत तार थेट लाकडावर घासते आणि चर पाडते. जॅको पास्टोरियस हा अमेरिकन वादक फ्रेटलेसवरही राउंडवाउंडच लावायचा, पण त्यानं लाकडावर इपॉक्सीचा टणक थर चढवला होता. तसं करायची तयारी नसेल तर त्याची नक्कल नको.

मग धातू, जाडी आणि लांबी

धातूत तीन मुख्य प्रकार. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हा सर्वांना मानवणारा मधला मार्ग. पहिला संच घेणाऱ्यानं तोच घ्यावा. स्टेनलेस स्टील अधिक झळझळीत, बोटांना कठीण आणि पडदेही जरा लवकर झिजवणारं, पण घामाला टिकणारं. शुद्ध निकेल मवाळ, जुन्या वळणाचं. ब्राँझच्या तारा मात्र लाकडी पोटाच्या अकूस्टिक बेसच्या. विजेच्या बेसचे पिकअप चुंबकावर चालतात आणि ब्राँझला चुंबक ओढत नाही, त्यामुळे तिथं त्या दुबळ्या वाजतात. दुकानात संच मागताना गिटार कोणती, हे म्हणूनच आधी सांगावं.

लेप दिलेल्या तारांवर अतिशय पातळ प्लॅस्टिकसारखं आवरण असतं. पावसात अंगावर घालायचं गोरटेक्स कापड बनवणाऱ्या गोर कंपनीच्याच एलिक्सिर तारांनी ही कल्पना घरोघरी नेली. खाचांत मळ जात नाही, म्हणून आयुष्य साध्या तारेच्या कितीतरी पट. किंमतही चढी. भरपूर घाम येणाऱ्या हातांना हा सौदा परवडतो. आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्याला त्याची निकड नसते.

जाडी इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. पाकिटावर ४५ ते १०५ किंवा ४५ ते १०० असे आकडे असतात, त्यांपैकी पहिला सर्वात बारीक तारेचा आणि दुसरा सर्वात जाड तारेचा. नवशिक्याला हीच मध्यम जाडी ठीक. ४० ते ९५ हा संच बोटांना हलका. त्याहून फार जाड संच एकदम चढवू नये. चार तारा मिळून दांडीवर पाऊणशे किलोच्या आसपास ताण देतात. तो एकाएकी वाढला की दांडी वाकते आणि वरच्या टोकाच्या खाचांत तार बसत नाही. जाडी बदलली तर दांडीची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी.

लांबीही पाहावी. मोठ्या बेसवर तारेचा वाजणारा भाग ३४ इंचांचा, लहान बेसवर ३० इंचांचा. लहान मुलांना लहान बेस देतात. त्यावर लांब तार कापून बसवली तर जाड वेटोळं खुंटीवर वळताना मोडू शकतं. लहान बेसला लहान लांबीचाच संच घ्यावा.

घरी तार कशी चढवायची?

काम अर्ध्या-पाऊण तासाचं. चांगली पक्कड, मऊ कापड आणि ट्यूनर एवढं पुरे. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा, कारण ताणलेली तार सुटली तर चाबकासारखी उसळते.

१. आधी खुंटी सैल करा, मगच जुनी तार काढा. ताणलेली तार कापू नका.

२. एकेक तार बदला. चारही एकदम काढल्या तर दांडीवरचा ताण अचानक जातो. साफसफाईसाठी काढल्याच तर त्याच बैठकीत नव्या चढवा.

३. तार काढलेल्या जागी लाकूड आणि पडदे कोरड्या कापडानं पुसा.

४. नव्या तारेचं पितळी मणी असलेलं टोक खालच्या ब्रिजमध्ये अडकवा आणि तार वर न्या. तिच्या खुंटीच्या पुढे चार-साडेचार इंच सोडून काटकोनात वाकवा आणि मगच वाकलेल्या जागेच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर काही तारांचं वेटोळं गाभ्यावर सैल पडतं आणि तार चढण्याआधीच मरते.

५. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेढे वरून खाली जाऊ द्या. दोन-तीन वेढे पुरेत. एकावर एक वेढा चढू देऊ नका.

६. सुरात लावा, तार बोटांनी हलकेच ओढा, पुन्हा लावा. तीन-चार वेळा असं केलं की ती ठरते. नवी तार पहिले एक-दोन दिवस उतरत राहते, त्याची काळजी नको.

७. शेवटी बाराव्या पडद्याची परीक्षा घ्या. कापलेली टोकं कचऱ्यात उघडी टाकू नका, कागदात गुंडाळा. घरकाम करणाऱ्या बाईंच्या हाताला ती सुईसारखी लागतात.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे साबण आणि सुती कापड. वाजवण्याआधी हात धुवावेत, विशेषतः चिवडा-भजी खाऊन झाल्यावर. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. एका मिनिटाच्या या सवयीनं संचाचं आयुष्य सहज वाढतं.

जुन्या तारा पाण्यात उकळण्याची युक्ती बेसवाल्यांत प्रसिद्ध आहे. काढलेल्या तारा दहा मिनिटं उकळून पूर्ण कोरड्या केल्या की खाचांतला मळ सुटतो आणि झळाळी परतते. पण ती थोडे दिवसच टिकते. मळ जातो, पडद्यांनी पाडलेले खळगे आणि गंज जात नाही. अडीनडीला ठीक, रोजचा उपाय नव्हे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल मात्र तारेला कधीच लावू नये. ते खाचांत बसून आवाज आणखी दाबतं.

नामवंत कंपन्यांच्या नावानं नकली तारांचाही बाजार आहे. नेहमीच्या भावाच्या निम्म्यात मोठं नाव मिळत असेल तर शंका घ्यावी. पाकिटाची छपाई आणि कंपनीचा सांकेतिक क्रमांक तपासावा, आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. नवा संच चढवल्यावर जुन्यातल्या बऱ्या तारा फेकू नयेत. पाकिटात जपून ठेवाव्यात, कार्यक्रमात अडचण आली तर त्याच उपयोगी पडतात.

नवी गिटार घेण्याचा हट्ट मुलानं धरला, तर आधी एक नवा संच आणून द्यावा. जुन्या तारांच्या मळक्या आवाजाला कंटाळून पुष्कळदा वाद्यच वाईट ठरवलं जातं. दोन-अडीच हजारांच्या तारांनी ते पुन्हा बोलू लागलं, तर कित्येक हजार वाचतात. आणि नव्या तारांनंतरही आवाज बसलेलाच राहिला, तर गिटार दुरुस्ती करणाऱ्याला दाखवायची वेळ आली असं समजावं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तंबोरा दुरुस्तीला आला की आधी तार छेडून कान लावतात, मग हत्याराला हात घालतात. बंगळुरूच्या फ्लॅटमधल्या बेस गिटारलाही हीच रीत लागू आहे. ‘तुटली कुठं आहे तार?’ असं विचारण्याऐवजी घरातल्या मोठ्यांनी एकदा म्हणावं, ‘वाजव बघू, ऐकू दे.’ मुद्रित करून ठेवलेला नव्या तारेचा आवाज शेजारी लावला, की पैसे द्यायचे की नाही हे सगळ्यांना एकदमच कळेल.